अठरा कवळ्या

माझ्या भावाच्या हाती विड्याच्या पानांचं तबक द्यायचं नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. तबक मीच दिलं, म्हणून चूकही माझीच.

आमच्यात लग्नाचं बोलावणं पत्रिकेनं होत नाही. पत्रिका छापतो आम्ही, पण ती देवापुढे ठेवायला. खरं बोलावणं म्हणजे समोरच्याच्या दारात जायचं, त्याच्या हातावर दोन पानं आणि सुपारी ठेवायची आणि म्हणायचं, "यावें." ज्याच्या हातावर पान ठेवलं त्याला केळीच्या पानावर बसवून पोटभर जेवू घालायचं. पान दिलं आणि जेवण दिलं नाही, असं आमच्या घराण्यात तीनशे वर्षांत घडलं नाही, असं माझा भाऊ पांडुरंगराव सांगतो. तीनशे वर्षांचा हिशेब त्याच्याकडे कुठून आला ते विचारू नका. पण आमच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी ते पाळलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी त्रिपुरसुंदरी. कुंभकोणमच्या पोस्टात तेहतीस वर्षं काउंटरवर बसले. माझं बोलणं शिक्का मारल्यासारखं असतं असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ही गोष्ट मी तुमच्या मराठीत सांगतेय, टीव्ही आणि मासिकं बघून शिकलेल्या. आमची मराठी वेगळी. तंजावरच्या राजांच्या मागोमाग आमचे पूर्वज इकडे आले, ते इथलेच झाले. घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो, उंबरठ्याच्या आत मराठी. इथले लोक आम्हाला 'रायर' म्हणतात. तुम्ही 'छान' म्हणता तिथं आम्ही 'चोखट' म्हणतो. पुण्याची माणसं आमचं बोलणं ऐकून हसतात. एकदा हे हसू नऊशे माणसांच्या जेवणावर येऊन पडलं होतं.

त्याचं असं झालं. पांडूची एकुलती एक मुलगी रम्या, माझी भाची, हिचं लग्न ठरलं. मुलगा कृष्णकुमार, राहणारा पुण्याचा, पण मूळचा आमच्यातलाच. त्याचे पणजोबा इथल्याच तिरुविसनल्लूरचे. कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याला गेले आणि तिकडचेच होऊन राहिले. मुलाचे वडील सुंदरेशराव, निवृत्त इंजिनिअर. नावात सुंदरेश, पण बोलणं अगदी सदाशिव पेठी.

साखरपुडा आमच्या घरी झाला. अंगठ्या घातल्यावर पांडू खूश होऊन म्हणाला, "चोखट जाहलें!" सुंदरेशराव हसले. म्हणाले, "पांडुरंगराव, तुमचं बोलणं ऐकलं की बखर उघडल्यासारखं वाटतं हो."

"उघडता तरी का कधी बखर?" मी विचारलं.

त्यांच्या पत्नी वाणीताई खुदकन हसल्या. सुंदरेशरावांनी माझ्याकडे बघून घेतलं. तिथंच आमची पहिली ठिणगी पडली.

मग फराळ आला. माझ्या भावजयीनं, सीतालक्ष्मीनं, सीडै केल्या होत्या. सीडै म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, गोटीएवढ्या, कडक तळलेल्या गोळ्या. नीट झाल्या तर कुरकुरीत, नाहीतर बंदुकीत घालाव्यात अशा. त्या दिवशी नीट झाल्या नव्हत्या. सुंदरेशरावांनी एक तोंडात टाकली, कट्ट असा आवाज झाला आणि त्यांचे वरचे दात सुटून कॉफीच्या डबऱ्यात, म्हणजे पसरट पितळी वाटीत, पडले. खोटे दात होते. घरात वीस माणसं होती. मी पंख्याकडे बघत बसले. त्या गृहस्थानं रुमाल तोंडाला लावला, डबरा उचलला आणि ते मागच्या अंगणात गेले. परत आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. मला खरंच वाईट वाटलं. पण ते बोलून दाखवायची मला सवय नाही.

परत आल्यावर त्यांनी एकदम विषयच बदलला. म्हणाले, "लग्नाचा फार बडेजाव नको. पुण्यात हॉटेलात शंभर माणसांचा बुफे करू. निम्मा खर्च आमचा."

पांडूनं माझ्याकडे पाहिलं. त्याची काय ऐपत आहे ते मला ठाऊक होतं. पितळेच्या भांड्यांचं छोटं दुकान, त्यात समया, कॉफीचे डबरे आणि पान कुटायचे खल. आणि ते खल आता कुणी घेत नाही. लग्नासाठी सगळे मिळून चार लाख होते, त्यातले दोन रम्याच्या पगारातले. शहाणी बाई त्या बुफेला हो म्हणाली असती.

मी म्हटलं, "आमच्याकडे माणसं बसून जेवतात. उभ्यानं खातात ती जनावरं."

झालं, दुसरी ठिणगी. पण मुलामुलीनं एकमेकांकडे बघून आधीच ठरवलेलं दिसत होतं. लग्न कुंभकोणमला, जेवणावळही इथंच, असं ठरलं. आमच्यात रिसेप्शन म्हणजे खुर्चीत बसून फोटो काढणं नव्हे. सकाळी मुहूर्त, दुपारी पंगत, आणि जेवून उठलेल्या प्रत्येकाच्या हातात विडा. हेच आमचं रिसेप्शन.

मी चारशे माणसांची यादी केली आणि पांडूच्या हाती तबक दिलं. तीन आठवड्यांनी तो परत आला तो तोंड पाडून.

"किती झाले?" मी विचारलं.

"जरा जास्त झाले, अक्का."

"जरा म्हणजे?"

"नऊशे."

माझ्या हातातली पळी खाली पडली. "नऊशे? कुणाकुणाला दिलंस?"

तो सांगत गेला. यादीतल्या माणसाकडे गेलं की शेजारी दारात उभा असायचा, त्याला कसं सोडायचं? बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, तबक कशाचं? रम्या शाळेत असताना तोच तिला सांभाळून उतरवून द्यायचा. तिरुनीलक्कुडीला एका शेतकऱ्याकडे गेला, तर तिथं सगळा पार जमलेला.

"कावळ्यालाच तेवढं द्यायचं राहिलं!" मी ओरडले.

"अक्का, प्रत्येकाला रम्या माहीत आहे," तो हळूच म्हणाला.

आमची पोर सगळ्या गावच्या अंगाखांद्यावर वाढली, हे खरंच होतं. मी पळी उचलली. म्हटलं, आता दिलं ना पान? मग निभावायचं.

आणि निभावायचं कसं ते मी दाखवलं, हे मी अभिमानानं सांगते. मंगल कार्यालयच निम्मे पैसे खाऊन बसलं असतं. त्याऐवजी आमच्या विठ्ठलाच्या भजनमठाचा मंडप घेतला. भाडं नाही, फक्त अट अशी की त्या दिवशी भजनाला येणारा कुणी उपाशी जायचा नाही. केळीची पानं तिरुनीलक्कुडीच्या त्याच शेतकऱ्यानं दिली. त्याच्या देवघरातली मोडकी समई पांडूनं कधीकाळी फुकट सांधून दिली होती. मोठाली पातेली दुकानातलीच. तिरुनागेश्वरमचा आचारी व्यंकटेश निम्म्या मजुरीत यायला कबूल झाला, पण त्यानं हात जोडून सांगितलं, "अम्मा, भात, सांबार, पायसम मी करतो. तुमच्या पोळ्या माझ्याच्यानं होणार नाहीत." मग सीतालक्ष्मीनं आमच्यातल्या चाळीस बायका गोळा केल्या आणि पुरणपोळ्या वाटून घेतल्या. डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाचं दह्यातलं तोंडीलावणं, मी माझ्याकडे ठेवली. ती दुसऱ्या कुणाच्या हाती देण्याची माझी छाती नाही.

एका गोष्टीला मात्र काट मारावी लागली. इकडे जेवून जाणाऱ्याला नारळाची पिशवी द्यायची पद्धत आहे. नऊशे नारळ आम्हाला झेपत नव्हते. मी म्हटलं, पिशवी नको, फक्त विडा द्यायचा. पण तो असा द्यायचा की लोकांनी नाव काढलं पाहिजे. कुंभकोणमचं पान, तेही कोवळं, त्याला तोड नाही. आणि ही पानं वरपक्षानं आणायची अशी आमच्यातली रीत आहे. माणशी दोन पानं, नऊशे माणसं, म्हणजे अठरा कवळ्या.

आमच्याकडे शंभर पानांच्या जुडीला कवळी म्हणतात. बाजारात म्हणतात, घरात म्हणतात, लहान पोरंसुद्धा म्हणतात. दुसरा काही अर्थ असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

मी व्हॉट्सॲपवर सुंदरेशरावांना लिहिलं: 'नमस्कार. मानपान, आहेर काही नको. आमच्या रीतीप्रमाणे फक्त अठरा कवळ्या तुमच्याकडून याव्यात. स्वच्छ धुतलेल्या असाव्यात, काळ्या पडलेल्या चालत नाहीत. सगळ्यांसमोर तबकात मांडायच्या आहेत, तेव्हा संकोच नको.'

दोन निळ्या खुणा आल्या, पण उत्तर आलं नाही. फोन केला, तो उचलला नाही. तिसऱ्या दिवशी पांडूच्या फोनवर निरोप आला: 'आपल्या भगिनींचा संदेश पोचला. मुलांच्या लग्नाला आमची हरकत नाही. ते देवळात पंधरा माणसांत व्हावं. जेवणावळीला आमच्यातलं कुणीही येणार नाही.'

लग्नाला बारा दिवस होते.

पांडू दुकानातून उठून घरी आला आणि रिकामं तबक मांडीवर घेऊन बसला. वरपक्षाशिवाय पंगत कसली वाढायची? नवरा मुलगाच नसेल तर विडा कुणाच्या नावाचा द्यायचा? मी संतापले होते. चार पानांसाठी एवढं? असला कंजूष माणूस मी पोस्टात कधी पाहिला नाही, आणि पोस्टात मी काय काय पाहिलंय! सीतालक्ष्मी पदर डोळ्याला लावून उभी होती.

"अक्का," पांडू म्हणाला, "दिलेलं पान परत कसं मागू गं? दारोदार जाऊन काय सांगू?"

साठीला आलेला माझा भाऊ, आणि त्याचा आवाज थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी रम्या स्वयंपाकघरात आली. ती कृष्णकुमारशी बोलून आली होती आणि तिचा चेहरा काहीतरीच झाला होता, हसावं की रडावं अशातला.

"आत्या, कवळी म्हणजे काय?"

"हे काय विचारणं? शंभर पानं."

"पुण्यात कवळी म्हणजे बत्तीस दात. खोटे."

आधी सीतालक्ष्मी हसली. पोट धरून हसली आणि मग एकदम गप्प होऊन खालीच बसली. मी फोन काढला आणि माझा निरोप पुन्हा वाचला. स्वच्छ धुतलेल्या असाव्यात. काळ्या पडलेल्या चालत नाहीत. सगळ्यांसमोर तबकात मांडायच्या आहेत. संकोच नको. मलाही हसू फुटलं. आणि मग डबरा हातात घेऊन अंगणात जाणारा तो माणूस आठवला, कानापर्यंत लाल झालेला. वीस जणांसमोर त्याची फजिती झाली. आणि बखरीवरून टोमणा मारणाऱ्या, जनावरं म्हणणाऱ्या बाईनं त्याला अठरा कवळ्या मागितल्या. मी त्याच्या जागी असते तर लग्नच मोडलं असतं.

रम्यानं कृष्णकुमारला खरा अर्थ सांगितला. त्यानं वडिलांना सांगितला. उत्तर आलं, "ही सारवासारव आता सुचलेली दिसते." माझा फोन ते उचलेनात.

तेहतीस वर्षांत मी काउंटरवर कुणाची माफी मागितली नाही. तशी वेळच येऊ दिली नाही. आता आली होती. ज्याला आपला आवाज ऐकायचा नाही त्याच्यापर्यंत कसं पोचायचं, ते मात्र पोस्टातल्या बाईला सांगावं लागत नाही. मी बाजारात गेले आणि एक कवळी निवडून घेतली, कोवळी, पोपटी, देठासकट. दोनदा मोजली. ओल्या फडक्यात, वर केळीच्या सोपटात गुंडाळून दोऱ्यानं बांधली. आत चिठ्ठी ठेवली:

'ही एक कवळी. शंभर पानं आहेत, मोजून घ्यावीत. तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या तोंडी हा शब्द असणार, आठवून पाहा. माझ्या लिहिण्यानं तुमचा अपमान झाला. हेतू नव्हता, पण झाला. मला क्षमा करावी. माझा भाऊ नऊशे जणांना पान देऊन बसला आहे. माझ्यावर राग धरा, त्याला मान खाली घालायला लावू नका.'

माझ्याच जुन्या काउंटरवर आता कीर्ति बसते. तिनं विचारलं, "मॅडम, आत काय आहे म्हणून लिहू?"

"लिही, पानं," मी म्हटलं. "खरं म्हणजे माझं नाक आहे, पण त्याचा रकाना नाही."

पुढचे चार दिवस मी त्या स्पीड पोस्टचा नंबर दिवसातून दहादा तपासला. चेन्नईला पोचलं. पुण्यात पोचलं. मिळालं. तरी फोन नाही. इकडे व्यंकटेश विचारायला आला, डाळ भरायची की नाही? सीतालक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलं. पांडूनं तर घराबाहेर पडणंच सोडलं होतं, वाटेत कुणी 'येतो बरं का लग्नाला' म्हणेल म्हणून.

"भर," मी व्यंकटेशला म्हटलं. कुठल्या बळावर म्हटलं ते देवालाच ठाऊक.

संध्याकाळी फोन वाजला. सुंदरेशराव म्हणाले, "नव्व्याण्णव."

"काय?"

"पानं. नव्व्याण्णव निघाली."

"शक्य नाही. मी दोनदा मोजलीत."

"शंभरच होती," ते म्हणाले. "एक मी खाल्लं."

मी चक्क भिंतीला टेकले.

मग ते बोलत राहिले. त्यांचे आजोबा पुण्यात शेवटपर्यंत पान खायचे. तोंडात एक दात नव्हता, म्हणून छोट्या सुंदरेशनं रोज खलात विडा कुटून द्यायचा. एकदा आजोबांनी मंडईत पाठवलं, "सुंदरा, एक कवळी घेऊन ये." पोरगं पानवाल्यापुढे उभं राहून मोठ्यानं म्हणालं, एक कवळी द्या. पानवाला हसला, बाजूचे हसले, वर्गातली दोन मुलं होती तीही हसली. शाळेत त्याचं नावच कवळी पडलं.

"मी घरी येऊन आजोबांवर ओरडलो," सुंदरेशराव म्हणाले. "म्हटलं, लोक हसतात, असलं काहीतरी बोलत जाऊ नका. त्यांनी परत तो शब्द काढला नाही, त्रिपुराताई. जुडी म्हणायला लागले. आणि हळूहळू माझ्याशी बोलणंच कमी केलं. मी पार विसरून गेलो होतो हो. पुडकं उघडलं, तो वास आला, आणि..."

पुढे त्यांना बोलवेना.

त्यांनी घसा साफ केला. "अठराच ना?"

"अठरा."

"एकोणीस आणतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हॉलमध्ये आले. पांडू तबक घेऊन तसाच बसला होता. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, "ऊठ. दाढी कर. वरपक्ष येतोय." तो उठून सरळ देवघरात गेला आणि तिथं लहान पोरासारखा रडला. मी दार ओढून घेतलं.

पुण्याची मंडळी लग्नाच्या आदल्या सकाळी गाडीनं उतरली. पानं कुणाकडून मागवायची नाहीत, मी स्वतः घेणार, असं सुंदरेशरावांनी सांगितलं. मी त्यांना आणि कृष्णकुमारला बाजारात घेऊन गेले. पानांच्या दुकानापुढे ते उभे राहिले. तमिळ त्यांना येत नाही. मी बोलायला पुढे झाले, तर त्यांनी मला हातानं थांबवलं. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि भर बाजारात मोठ्यानं म्हणाले, "कवळी!"

तमिळमध्येही तो शब्द जवळपास तसाच आहे. दुकानदारानं मान वरसुद्धा केली नाही. पानांवर पाणी मारता मारता म्हणाला, "एत्तनै?" म्हणजे किती.

कुणी हसलं नाही. सुंदरेशरावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवून, दुसऱ्यांदा एक मिटून, त्यांनी एकोणीस सांगितलं आणि पैसे स्वतः मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मठाच्या मंडपात अशी पंगत बसली की काय सांगू! चार पंगती झाल्या. केळीची पानं हिरवीगार, त्यावर डाव्या हाताला डांगर पच्चडी, मग कोशिंबीर, वांगीभात, सांबार, आणि चाळीस बायकांच्या हातच्या पोळ्या, त्यावर तुपाची धार. व्यंकटेश घामानं निथळत होता आणि ज्याला त्याला सांगत होता, "पोळ्या रायर अम्मांच्या, बाकी माझं." बसचा कंडक्टर आला, तिरुनीलक्कुडीचा अख्खा पार आला. पांडू प्रत्येकाला हात धरून बसवत होता. भजनाला आलेली माणसंही बसली. माझ्या हिशेबानं नऊशे, प्रत्यक्षात झाली साडेनऊशे. माणशी दोन पानं म्हणजे बरोबर एकोणीस कवळ्या. सुंदरेशरावांनी ती एक जास्तीची आणली नसती तर पन्नास माणसं विड्याविना गेली असती आणि माझं नाक पुन्हा कापलं गेलं असतं.

पहिली पंगत उठली. विडे द्यायची वेळ झाली. पहिला विडा व्याह्यांचा, आणि तो मुलीच्या आत्यानं द्यायचा. मी तबक घेऊन सुंदरेशरावांसमोर उभी राहिले. अडीचशे माणसं बघत होती.

त्यांनी विड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेजारी पाणी प्यायला ठेवलेला पितळेचा डबरा उचलला. आणि कुणाला काही कळायच्या आत दोन्ही कवळ्या तोंडातून काढून शांतपणे त्यात ठेवल्या.

"ही कवळी काढून ठेवली," बोळक्या तोंडानं ते मोठ्यानं म्हणाले. "आता तुमची कवळी उघडा, त्रिपुराताई. आणि विडा कुटून द्या. मला असाच खायचाय."

वाणीताईंनी कपाळावर हात मारला. आधी कृष्णकुमार हसला, मग रम्या, मग सगळा मंडप. सगळ्यात जास्त सुंदरेशराव स्वतः हसत होते, तोंडात एक दात नसताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पांडू धावत दुकानात गेला आणि कुणी विकत घेत नाही तो खल घेऊन आला. मी तिथंच, सगळ्यांसमोर जमिनीवर बसले. पानाचे देठ खुडले, चुना लावला, सुपारी, लवंग, थोडा गूळ घातला आणि कुटायला घेतलं. माझ्या हातानं आजवर कुणाला विडा कुटून दिला नव्हता. बारीक, लाल झाल्यावर गोळी करून त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी ती तोंडात टाकली. डोळे मिटले. बराच वेळ नुसते चघळत राहिले, आणि ओठाच्या कडेला लाल रेघ आली.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"चोखट," ते म्हणाले.

साखरपुड्याला याच शब्दावर ते हसले होते.